इंग्रजीच्या वर्गातला पत्र्याचा मुकुट

मित्रांनो, माझ्या पिवळ्या रंगावर जाऊ नका. मी सोन्याचा नाही. तेलाच्या डब्यातून कापलेला पत्र्याचा मुकुट आहे मी, आणि आता पुरता जुना झालो आहे. माझ्या आतल्या बाजूला डब्यावरच्या सूर्यफुलाचे अर्धे चित्र अजून दिसते.

माझा जन्म पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. तो नरसाळी, चाळण्या आणि धान्याच्या कोठ्या बनवत असे. त्याची थोरली बहीण मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची. एके दिवशी ती दुकानात येऊन म्हणाली, "मला एक मुकुट करून दे. टोकं बोचायला नकोत."

"ताई, या वयात राज्य करायचा विचार आहे का?"

"मी नाही रे, माझे विद्यार्थी करणार."

त्याने माझी कड आत दुमडली, टोके घासून बोथट केली आणि आतून जुन्या घोंगडीची पट्टी चिकटवली. "डोकी बदलत राहणार, माप सैलच ठेवतो," असे तो स्वतःशीच म्हणाला. मग रंग वाळेपर्यंत मी खिळ्याला टांगून राहिलो.

बाईंचा वर्ग एका छापखान्याच्या वरच्या खोलीत भरे. खाली यंत्र सुरू झाले की वरचे बाक थरथरत. शिकायला येणारे सगळे पोटापाण्याला लागलेले होते. एक बसचालक, परदेशी जाऊ पाहणारी एक नर्स, काही दुकानदार. शब्द त्यांना ठाऊक असत, पण बोलायची वेळ आली की दातखीळ बसे. म्हणून बाईंनी एक युक्ती काढली होती. दर आठवड्याला त्या ब्रिटनच्या एखाद्या राजाची किंवा राणीची हकिगत सोप्या इंग्रजीत सांगत. मग चिठ्ठी उचलत. जिचे नाव निघेल ती व्यक्ती मला डोक्यावर घालून खुर्चीत बसे आणि बाकीचे तिला प्रश्न विचारत.

"चूक झाली तर ती राजाची, तुमची नाही," असे बाई सांगत.

बसचालकावर आठव्या हेन्रीची वेळ आली, तेव्हा तो ऐटीत म्हणाला, "आय हॅव सिक्स वाइफ."

"वाइव्ज!" सगळा वर्ग ओरडला.

"अहो, एकीपुढेच नाकी नऊ येतात. अनेकवचन कुठून सुचायचं?"

शिरच्छेद झालेल्या पहिल्या चार्ल्सच्या दिवशी वर्गाने मला राजाच्या डोक्यावरून उचलून टेबलावर ठेवले. सिंहासन सोडणाऱ्या एडवर्डने मला स्वतःच काढून बाईंच्या हातात दिले. त्या काळात मला मान होता. वर्ग संपला की बाई मला मऊ फडक्याने पुसून कपाटात ठेवत.

मागच्या बाकावर, दाराजवळ, एक मावशी बसत. गणवेश शिवायच्या कारखान्यात त्या कामाला होत्या. एकही वर्ग त्यांनी चुकवला नाही, आणि एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. चिठ्ठीत नाव निघाले की म्हणत, "आज नको, घसा बसलाय."

"मावशी, तुमचा घसा उठतो तरी कधी?" बसचालक विचारी, आणि सगळे हसत. मावशीही हसत.

मग राणी ॲनचा आठवडा आला. बाईंनी सांगितले, या राणीला सतरा वेळा दिवस गेले, पण तिच्या मागे एकही मूल उरले नाही. चिठ्ठी मावशींचीच निघाली. त्या सबब सांगतील म्हणून बाई दुसरी चिठ्ठी उचलू लागल्या, तर मावशी उठून उभ्या राहिल्या. खुर्चीपाशी आल्या आणि त्यांनी मला आपल्या हाताने डोक्यावर चढवले. त्यांच्या केसांत दोऱ्याचा तुकडा अडकला होता. कपाळ गरम लागत होते.

"आय ॲम क्वीन ॲन," मावशी म्हणाल्या.

"हाउ मेनी चिल्ड्रन?" बसचालकाने विचारले.

मावशींनी मला कपाळावर नीट बसवले. "आय हॅड वन सन."

"मावशी, एक नाही, सतरा! आणि हॅव म्हणा, हॅव."

"नो," मावशी म्हणाल्या. "हॅड."

भूतकाळ त्या खोलीत इतका स्पष्ट कोणीच उच्चारला नव्हता. बसचालकाची मान खाली गेली.

मग मावशींनी आपल्या भाषेत सांगितले. एकुलता एक मुलगा परदेशी गोदामात कामाला गेला होता. तिथे तापाने आजारी पडला आणि तिथेच गेला. शेवटी उशाशी होती ती म्हातारी घरमालकीण. तिचा फोन नंबर मावशींकडे होता, पण तिला इंग्रजीशिवाय काही येत नव्हते.

"शेवटी काय म्हणाला, एवढंच विचारायचंय. त्यासाठी शिकतेय."

"अहो, मग मी आत्ता विचारते ना!" बाई म्हणाल्या.

"नको बाई. लेकाचं शेवटचं बोलणं मला दुसऱ्याच्या तोंडून नको. माझं मीच विचारीन."

पुढचे राजे मग ताटकळत राहिले. सारा वर्ग मावशींची तयारी करून घेऊ लागला. बसचालक आवाज बारीक करून घरमालकीण व्हायचा, आणि कोणी हसत नसे.

अखेर एका संध्याकाळी वर्गातूनच फोन लावला. मावशींनी मला मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. फोनचा आवाज मोठा ठेवला होता. पलीकडून थकलेला आवाज आला. मावशींनी एकही चूक न करता विचारले, माझा मुलगा शेवटी काय म्हणाला?

म्हातारी सावकाश बोलली. ताप फार होता. मी त्याचा हात धरून बसले होते. त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण 'आय... आय...' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी पुष्कळ वाट पाहिली. त्याचं वाक्य काही पुरं झालं नाही. मला माफ करा.

मावशींनी तिचे आभार मानले. फोन बंद झाला. बाई डोळे पुसत समजावू लागल्या, "मावशी, त्या म्हणाल्या, तो 'मी, मी' एवढंच म्हणत होता. वाक्य अर्धंच..."

"कळलं मला," मावशी म्हणाल्या. "पण बाई, ते इंग्रजी नव्हतं. आई म्हणत होता तो. मला हाक मारत होता."

माझी एक बाजू त्यांच्या मुठीत चेपून गेली. बसचालक खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मावशी पुन्हा वर्गाला आल्या नाहीत. त्यांचे इंग्रजी शिकून झाले होते. मला डोक्यावर घ्यायला नंतर कोणी फारसे धजले नाही. पुढे छापखाना विकला गेला, खोली गेली, बाईंची नजरही अधू झाली. आता नव्या इमारतीत मोठ्या पडद्यावर राजे-राण्या झगमगत येतात, असे ऐकतो. बाईंनी मला भावाकडे परत आणून दिले. माझा पोचा पाहून त्याने हातोडी उचलली, तर बाई म्हणाल्या, "तेवढा राहू दे."

आता तोही भाऊ थकला आहे. मी दुकानाच्या कोपऱ्यात मोडीच्या ढिगावर पडून आहे. घोंगडीची पट्टी उंदरांनी नेली. रंगाखालून गंज वर येतो आहे.

मित्रांनो, पत्र्याला कोरडे ठेवा, अधूनमधून त्यावर तेलाचा हात फिरवा. तेवढ्याने तो टिकतो. आणि कोणी अडखळत काही सांगू लागले, तर त्याचे बोलणे अर्धे राहिले असे लगेच ठरवू नका. कदाचित ते पुरे झालेले असेल, आणि आपल्यालाच ती भाषा येत नसेल.