टाकीतला पाक

डार्लाने गवत कापायचं मशीन कुशीवर आडवं केलं आणि पात्याच्या आतून गेल्या वर्षीच्या गवताचा काळा, ओला थर सटकन फरशीवर पडला. त्याच्या मागोमाग उंदराचं घरटं आलं. कागदाच्या चिंध्या, गादीतला कापूस आणि त्यात चिकटून वाळलेली चार पिल्लं. वास असा की तिने नाक दंडावर दाबलं, सगळं फावड्यावर घेतलं आणि मागच्या दारातल्या पिंपात नेऊन टाकलं.

"डुकरं," ती म्हणाली. ऐकायला दुकानात कुणी नव्हतं.

मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात बर्फ जाऊन गवत वर आलं की लोकांना आपल्या गवत कापायच्या मशीनची आठवण व्हायची. हिवाळाभर ते शेडमध्ये जसंच्या तसं पडलेलं असायचं. टाकीत निम्मं पेट्रोल, पात्याला चिखल. दोरी ओढून ओढून खांदा दुखला की ते गाडीत घालून डार्लाकडे आणायचे आणि प्रत्येक जण सांगायचा, "कालपर्यंत झकास चालत होतं." तिच्या मामाने दारावर लावलेली पाटी अजून होती: 'ठेवण्याआधी टाकी रिकामी करा.' मामा जाऊन नऊ वर्षं झाली. पाटी वाचणारा माणूस तिला अजून भेटायचा होता.

म्हणून त्या मंगळवारी ऑर्व्हिल टेस्डाल मशीन ढकलत दारात आले तेव्हा तिला जरा आश्चर्य वाटलं. टेस्डाल एक्याऐंशी वर्षांचे. गावातल्या शाळेची इमारत आणि मैदान त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं होतं. स्पार्क प्लग कसा काढायचा, हे तेरा वर्षांच्या डार्लाला पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं होतं. दर ऑक्टोबरात ते टाकी कोरडी होईपर्यंत मशीन चालवायचे, ऑइल बदलायचे, पातं खरवडून पुसायचे. डार्लाकडे ते कधी गिऱ्हाईक म्हणून आले नव्हते.

"सुरूच होत नाही," ते म्हणाले. बोलताना ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले होते. "बघ जरा."

"तुम्ही बघितलं असेलच की, मिस्टर टेस्डाल."

"डोळे गेले आता. कार्बोरेटरचं भोक दिसत नाही." मग तिने विचारण्याआधीच ते म्हणाले, "शुक्रवारी येतो."

बाहेर गाडीत त्यांची बायको आर्लिस स्टिअरिंगवर बसली होती. तिने हात हलवला, पण ती खाली उतरली नाही.

डार्लाने त्यांचं मशीन सगळ्यात आधी घेतलं. त्या ओंगळ रांगेत ते एकटंच स्वच्छ होतं. पातं लखलखीत, चाकांना ऑइल, खाली गवताची एक काडी नाही. तिने कार्बोरेटरची वाटी सोडवली आणि हात मागे घेतला.

वाटीत काहीतरी तपकिरी, चिकट साचलं होतं. पेट्रोलचा उग्र वास आणि त्यात मिसळलेला गोड, जड वास. तिने तोंड फिरवलं. तिने टाकी उपडी केली तर आधी पेट्रोल पडलं आणि मग तळाशी बसलेला घट्ट ऐवज सावकाश, तार धरत, डब्यात उतरला. तिने बोट लावून वास घेतला. मेपलचा पाक. पॅनकेकवर ओततात तो. अर्धा कप तरी असेल.

तिने बोट तीनदा पुसलं, तरी चिकटपणा जाईना. आळशी लोकांची घाण ती वीस वर्षं काढत होती. त्या घाणीचा राग यायचा आणि संध्याकाळपर्यंत जायचा. हे निराळं होतं. कुणीतरी शांतपणे झाकण उघडून चांगल्या यंत्राच्या नरड्यात हे ओतलं होतं. असला पाक तसाच ठेवून तिला घरी जाववेना. तिने टाकी गरम पाण्याने धुऊन वाळवली, कार्बोरेटरचा तुकडा न तुकडा साफ केला, बारीक भोकातून तार फिरवली, नवं पेट्रोल भरलं. पहिल्याच झटक्याला मशीन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आर्लिस एकटी आली. हातात लिंबाच्या बार्सची, आंबटगोड वड्यांची, ताटली होती. तिने ताटली ठेवायला टेबलावर जागा शोधली, पण सगळीकडे ऑइल होतं. शेवटी ती हातातच राहिली.

"सापडलं असेल तुला," आर्लिस म्हणाली.

डार्लाला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्ही?"

"आधी पाणी घातलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा याने दोन दिवसांत मशीन पुन्हा सुरू केलं. मग म्हटलं, पाणी काही कामाचं नाही."

"आर्लिस, अहो, हे..." डार्लाने टाकीवर हात ठेवला. "मला काल ओकारी यायची बाकी होती."

"मला आलीच होती," आर्लिस म्हणाली. "त्या शेडमध्ये, टॉर्च दातात धरून."

तिने हँडलकडे बोट केलं. मशीन चालताना हाताने दाबून धरायची दांडी तिथे होती. ती सोडली की इंजिन बंद पडतं. दांडीवर तार बांधल्याचे गोल ओरखडे होते.

"बोटं दुखतात म्हणून बांधून ठेवायचा. गेल्या ऑगस्टमध्ये हृदयाने दगा दिला आणि हा पडला गवतात. मशीन आपलं चाललंच होतं. मी खिडकीतून बघितलं तर मशीन एकटंच कुंपणाकडे निघालेलं. मागे कुणी नाही." ती थांबली. "डॉक्टर म्हणाले, चालायला जा, मासे धर, पण हे ढकलायचं नाही. मुलगा म्हणाला, माणूस लावू. हा म्हणतो, माझ्या अंगणात दुसऱ्याचा पाय नको."

"मग त्यांना स्पष्ट सांगा."

"अठ्ठावन्न वर्षं सांगतेय ग बाई, काही ना काही. तू सांग. इंजिन गेलं म्हणून सांग. तुझं ऐकेल."

"चालू इंजिनला मेलं म्हणू? या दुकानात आजवर तसं झालं नाही."

"माहीत आहे मला. म्हणून तर तुझ्यावर विश्वास बसेल त्याचा."

आर्लिसने ताटली खुर्चीवर ठेवली आणि ती निघून गेली. लिंबाच्या बार्सवर पिठीसाखर भुरभुरलेली होती. डार्लाला गोडाचा वासही नको झाला होता. तिने ताटली कागदाने झाकली.

गुरुवारी तिचं कुठल्याच कामात लक्ष लागलं नाही. आर्लिसचा राग येत होता, टेस्डालांच्या हट्टाचा येत होता, आणि शुक्रवारी आपल्या तोंडून जे निघणार होतं त्याची आत्तापासून शिसारी येत होती. कुणाला फसवायचं, तर ज्याने आपल्याला शिकवलं त्याला. तिने काय बोलायचं ते ठरवलं, मग बदललं.

शुक्रवारी दहाला टेस्डाल आत आले. गाडी दारासमोर उभी होती, इंजिन चालू, काच खाली केलेली, आणि आर्लिस समोर बघत बसली होती. डार्लाने हात पुसले. नंतर पुन्हा पुसले.

"मिस्टर टेस्डाल, मी उघडून बघितलं. जरा वाईटच बातमी आहे. म्हणजे तसं..."

टेस्डालांनी वाकून टाकीचं झाकण फिरवलं, आत पाहिलं, वास घेतला आणि झाकण परत लावलं. डोळे गेलेल्या माणसाला आटे एका झटक्यात सापडले होते.

"धुतलीस होय टाकी," ते हळू आवाजात म्हणाले. "सुरू झालं?"

डार्ला दोरीची मूठ जागेवर नीट बसवू लागली.

"होणारच. चांगलं मशीन आहे." ते जवळ सरकले. "सिलिंडरला चरे पडलेत म्हण. पिस्टन गेलाय. या मशीनचे भाग आता मिळत नाहीत म्हण. आर्लिसला ते पटेल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वेळी वाटलं, हिवाळ्याचं पाणी जमलं असेल. दुसऱ्या वेळी शेडमध्ये तिचा चष्मा सापडला. गुपचूप जागेवर नेऊन ठेवला." त्यांनी दांडीवरून अंगठा फिरवला. "शेडला चार पायऱ्या आहेत, डार्ला. तिच्या दोन्ही गुडघ्यांत धातू बसवलाय. आणि आता तर पाक. तोही तिच्या भावाच्या झाडांचा, चांगला. पुढच्या वेळी काय ओतेल देव जाणे. म्हटलं, पुरे."

"मग नुसतं सांगायचं तिला, की नाही कापत गवत."

"मी?" टेस्डाल खरोखर चकित झाले. "मी सांगू, की मला आता जमत नाही? तिला?"

बाहेर आर्लिसने गाडी बंद केली. आता आतलं बोलणं तिकडे ऐकू गेलं असतं. टेस्डालांनी ते हेरलं. त्यांनी पाठ ताठ केली, मशीनच्या चाकाला हलकीशी लाथ मारली आणि दाराकडे तोंड करून आवाज चढवला.

"पिस्टन? चौदा वर्षांत पिस्टन? थू! पत्र्याचे डबे बनवतात नुसते हल्ली! किळस येते मला बघून! ठेव तुझ्याकडेच. भंगारात घाल, तळ्यात टाक, मला पुन्हा दाखवू नकोस हे!"

"हो," डार्ला म्हणाली. मग तीही मोठ्याने म्हणाली, "वाईट वाटतं, मिस्टर टेस्डाल. काहीच उरलं नाही त्यात."

ते बोलणं तिला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

टेस्डाल तणतणत बाहेर गेले. आर्लिसने आतून वाकून त्यांच्यासाठी दार उघडलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"गेलं ते! कचरा! बोलाव त्या तुझ्या माणसाला. पण सरळ ओळीत कापणारा पाहिजे. वाकडं कापलं तर मी उभा राहीन त्याच्या डोक्यावर."

"बरं बाई," आर्लिस म्हणाली. "उभा राहा."

ते पट्टा लावायला खाली वाकले तेव्हा तिने डार्लाकडे पाहून किंचित मान डोलावली. मग ती आरशात बघत गाडी मागे घेऊ लागली, आणि टेस्डालांनी काचेतून डार्लाकडे बघत तशीच मान डोलावली.