पाण्याचे डोहाळे

मला इसब होतं. साधंसुधं नव्हे, झरणारं. कोपरांच्या खळीत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर. सकाळी उठावं तर कातडी गोधडीला चिकटलेली. लालबागच्या चाळीतल्या एवढ्याशा खोलीत ते लपवणार कुठे? सासूबाईंनी, म्हणजे जाईबाईंनी, माझं ताट वेगळं केलं, चटई वेगळी केली, पिठाला हात लावू नकोस म्हणाल्या. हे लागट नाही, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगत होते. पण आमच्या चाळीपुढे डॉक्टरांचं काय चालतंय! लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि आमचे हे सोडले तर त्या घरात मला कुणी बोट लावलं नव्हतं. हेसुद्धा जपूनच लावायचे, खोटं कशाला बोलू.

मग परळच्या इस्पितळात नव्या गोळ्या सुरू झाल्या. खाज हळूहळू विरत गेली आणि झोप आली. काय झोप बाई ती! दुपारी भिंतीला पाठ टेकली की गिरणीचा भोंगा खाडीपलीकडून आल्यासारखा वाजायचा. आमच्या गावच्या खाडीत भरती चढते ना, आवाज न करता, तसं पाणी माझ्या अंगात चढतंय असं वाटायचं. आरशात पाहावं तर गोल गरगरीत तोंड. ही कोण बया, म्हटलं.

त्यात पाळी चुकली. तोंड भरलेलं, पोट भरलेलं, सासूबाईंनी काय ते समजून घेतलं. त्यांनी माझ्या गालावर तळवा ठेवला. थंड, राठ, मासळीचा वास येणारा हात. माझ्या डोळ्यांना धार लागली. त्या म्हणाल्या, अशा दिवसांत रडायचं नसतं.

मलाही खरंच वाटलं होतं की. पण इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मान हलवली. म्हणाल्या, मूल नाही, हे औषध आहे. आपल्या शरीरातल्या ग्रंथी एक रस सोडतात, त्याला हार्मोन म्हणतात, आणि ही गोळी म्हणजे तोच रस बाहेरून दिलेला. त्यानं इसब दबतं, पण पाळी पुढेमागे होते, अंगात मीठ साठतं आणि मिठामागून पाणी. गोळी मनानं सोडायची नाही आणि जेवायचं अळणी, असं बजावून पाठवलं.

घरी जाऊन सांगायचंच, असं ठरवून निघाले. रस्त्यात संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालल्या होत्या, माणसं झेंडे घेऊन दादरकडे निघाली होती. त्या गर्दीतून मी तरंगत आल्यासारखी आले. दारात सासूबाई तेलाची वाटी घेऊन बसलेल्या. बस म्हणाल्या. त्यांची बोटं केसांत शिरली, मानेवरून फिरली, जिथे कालपरवापर्यंत खपल्या होत्या तिथून. मी शब्द गिळला.

मग माझे डोहाळे सुरू झाले. काय खावंसं वाटतं, त्या विचारायच्या. अळणी खाऊन खाऊन माझी जीभ मेली होती, मी म्हणायची, खारं. झालं! खारा बांगडा, सुकट, कैरीचं लोणचं. शेजारच्या बाया म्हणायच्या, खारट मागते म्हणजे मुलगाच. मी खायची आणि निजायची. स्वप्नात पोटात एक मासोळी फिरायची. ती खोटी आहे हे मला स्वप्नातही ठाऊक असायचं, तरी मी तिच्यासाठी नावं शोधायची.

बांगड्या मनगटात रुतल्या. आडवं पडलं की धाप लागायला लागली. मला भीती वाटत होती, पण त्या हाताविना राहायची भीती त्याहून मोठी होती.

शिवाजी पार्कवर मोठी सभा होती त्या दिवशी हे सकाळपासून तिकडे आणि सगळी चाळ ओस पडलेली. सासूबाईंनी माझे पाय मांडीवर घेतले आणि चेपायला लागल्या. नडगीवर अंगठा दाबला, उचलला. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. त्यांनी शेजारी दाबून पाहिलं. तिथेही खळगा. पाच बाळंतपणं झालेली बाई ती. बराच वेळ माझ्या पायाकडे बघत राहिली.

"ह्या पोर न्हय," त्या हळूच म्हणाल्या. "पाणी आसा."

मी मान डोलावली.

"तुका ठाऊक होता?"

"हो."

"मगे सांगलंस कित्या नाय?"

"तुम्ही हात लावत होता म्हणून," मी म्हटलं.

दुपार अगदी निपचित पडली होती. लांबून सभेचा आवाज येत होता की माझ्याच कानांत पाणी भरलं होतं, कोण जाणे. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि रडायला लागल्या. नातवासाठी रडल्या, मला ठाऊक आहे, माझ्यासाठी नव्हे. खूप वेळ रडल्या. पण माझे पाय त्यांनी मांडीवरून खाली ठेवले नाहीत.