मोगऱ्याची फुलं

“हात सैल सोड ना बाई, काहून एवढी आकडून राहिली?”

भावना सिस्टरने बाटलीतली पांढरी भुकटी पाण्यात हलवून विरघळवली. पेनिसिलिनच्या जातीचं, दोन औषधं एकत्र केलेलं इंजेक्शन. तृप्तीच्या सिझरच्या टाक्यांत पू झाला होता. औषध शिरेत उतरू लागलं तशी मनगटापासून वर जळजळ चढली.

“जळते जी,” ती पुटपुटली.

बाळाला घेऊन दाराशी उभ्या असलेल्या सासूने, देवकाबाईने, तेवढंच ऐकलं. सिस्टर गेल्यावर ती जवळ आली. “शिरेत एवढं जळते, त दुधातून लेकराच्या पोटात गेल्यावर का होईन? माया पयला पोरगा सुई लागल्यावरच गेला वं. याले घरी कारध्याले न्याच लागन, बाटलीनं पाजू.”

सिस्टरला विचारावं, असं तृप्तीला वाटत होतं. पण वॉर्डात शेजारणींचे नवरे, भाऊ बसलेले. त्यांच्यासमोर दुधाचं कसं बोलायचं?

त्याच संध्याकाळी बाळाला घरी नेलं. दुसऱ्या दिवशी डब्यासोबत देवकाबाईने मोगऱ्याची फुलं आणली. दूध आटावं म्हणून फडक्यात घालून तृप्तीच्या छातीला घट्ट बांधली. आधी फडकं भिजून जायचं. मग नुसतं दमट. मग तेही नाही. फिनेलच्या वासात मोगऱ्याचा वास मिसळून राहिला.

ताप उतरला, जखम सुकत आली. शेवटचं इंजेक्शन देताना सिस्टर थबकली. “फुलं कायले बांधले वं?”

तृप्तीने खालच्या आवाजात सांगितलं.

“अवो, पाजत राहिली असती तरी चाललं असतं! हे औषध चालते अंगावर पाजताना. विचाराचं त होतं मले.” तिचा चेहरा पाहून सिस्टरचा आवाज उतरला. “लावत राय छातीले. येते परत कधी कधी.”

घरी पोचताच तृप्तीने बाळाला पदराखाली घेतलं. त्याने तोंड लावलं, ओढलं, आणि मान फिरवून टाहो फोडला. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

देवकाबाई बाटली घेऊन धावत आली. रात्र रात्र बाळाला खांद्यावर घेऊन तिचे डोळे खोल गेले होते.

“सिस्टर का म्हणे?”

तृप्तीने त्या डोळ्यांकडे पाहिलं.

“काई नाई. टाके सुकले म्हणे.”

देवकाबाईने दुधाचा थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिला, फुंकर घातली, आणि बाटली सुनेच्या हातात दिली.

“घे. आता तूच पाज.”