सराव खात्यातला वाघ

मागच्या खोलीला तो ‘डेस्क’ म्हणायचा. “मी डेस्कवर आहे,” असं दार न उघडता आतूनच ओरडायचा, जणू बाहेर शंभर कारकून त्याच्या हुकमाची वाट बघत ताटकळलेत. बाहेर असायचं कपडे धुवायचं मशीन. आत तीन मॉनिटर, मान टेकायची सोय असलेली महागडी खुर्ची आणि कोपऱ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड. त्यावर मोजे. जगाच्या अर्थव्यवस्थेवर हा गृहस्थ ओल्या मोज्यांच्या शेजारी बसून नजर ठेवायचा.

काही वर्षांपूर्वी विमा कंपनीतली नोकरी सोडताना त्याने निरोपाच्या चहाला गुलामगिरीवर भाषण ठोकलं होतं. आता साहेब नाही, हजेरी नाही, आता फक्त मी आणि शेअर मार्केट, वगैरे. पहिली वर्षं बरी गेली, हे कबूल करायला हवं. घर चाललं, खुर्ची आली, नातेवाइकांत मान वाढला. मग आतून काहीतरी आटत गेलं. मोठा तोटा वगैरे झाला असता तर निदान चारचौघांत सांगायला गोष्ट तरी मिळाली असती. तसलंही काही झालं नाही. एका सकाळी सौदा दिसला, स्वच्छ दिसला, हात माऊसवर गेला आणि बोट दाबेना. दुसऱ्या दिवशीही दाबेना.

उपाय त्याने सगळे केले. थकलेल्या ट्रेडरांना सल्ले विकणाऱ्यांची इंटरनेटवर एक जमातच आहे. त्यातल्या बहुतेकांनी स्वतःचं ट्रेडिंग कधीच गुंडाळलेलं असतं, म्हणूनच ते इतके टवटवीत दिसतात. एकाने सांगितलं, पहाटे चाला. हा चालला, आणि दमून येऊन खुर्चीत पेंगला. दुसऱ्याने सांगितलं, एखादं रोप वाढवा. रोप मेलं. तिसऱ्याने डोळे मिटून सांगितलं, तुमच्या आतल्या ‘का’चा शोध घ्या. ह्याने घेतला. जे सापडलं ते बघून पुन्हा झाकून ठेवलं.

शेवटी कोणीतरी म्हणालं, थोडे दिवस सराव खात्यात खेळा. सराव खात्यात भाव खरे असतात, चार्ट खरे असतात, पैसे तेवढे खोटे असतात. पोहायला शिकणाऱ्याने सतरंजीवर हातपाय मारावेत, तसलाच प्रकार. नवशिक्यांसाठी असतं ते. तिथे मात्र ह्याचं बोट चालायला लागलं. चालायला कसलं, धावायलाच लागलं. खोटे पैसे हातात आल्यावर हा माणूस वाघ होता. थोडे दिवस म्हणता म्हणता कित्येक आठवडे झाले, खऱ्या खात्याकडे तो फिरकला नाही. पडद्याच्या वरच्या कडेला ‘सराव’ असं लिहिलेली पिवळी पट्टी असायची. ती डोळ्यांत खुपायला लागली तेव्हा त्याने तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवली आणि चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘शिस्त’. अगदीच निर्लज्ज माणसाला हे सुचलं नसतं. त्यासाठी थोडी लाज शिल्लक असावी लागते.

बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची, आणि घर सध्या त्या पगारावर चाललं होतं. ‘मार्केट खराब आहे’ हे ह्याचं वाक्य ती पावसापाण्याच्या बातमीसारखं ऐकून घ्यायची.

त्या सकाळी ती चप्पल घालता घालता म्हणाली, “आज तो येतोय.”

तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायचा.

“रजा टाकून येतोय. दिवसभर तुझ्या शेजारी बसणार म्हणे. राजीनामा लिहून तयार आहे त्याचा.”

“कशाला?”

“तुझ्यासारखं व्हायचंय त्याला.” हे तिने एखाद्याला कावीळ झाल्याचं सांगावं तशा आवाजात सांगितलं. “पोरगं अजून रांगतंय त्याचं. माझं काही तो ऐकत नाही. तुझं ऐकतो. काय खरं ते सांग त्याला आणि डोक्यातून काढूनच परत पाठव. एवढं एक कर माझ्यासाठी.”

“करतो ना,” हा म्हणाला. आणि करणारही होता, हे महत्त्वाचं.

मेहुणा आला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मुलाखतीला आल्यासारखा. स्टूल ओढून बसला आणि तिन्ही पडद्यांकडे देवघराकडे बघावं तसा बघायला लागला. ह्याला त्याची कीव आली, मग चीड आली. काय दिसतंय या बावळटाला इथे? त्याने मनाशी ठरवलं, पहिलं वाक्य हेच बोलायचं: मी कित्येक आठवड्यांत एकही खरा सौदा केलेला नाही. त्यासाठी त्याने घसा खाकरला.

“भाऊजी, हे हिरवं म्हणजे आपला फायदा ना?” मेहुण्याने विचारलं.

पडद्यावर सराव खात्यातला सौदा चालू होता आणि चांगला फुगला होता.

“हो,” हा म्हणाला. तिथेच सगळं नासलं.

त्यानंतर एक सौदा झाला, मग दुसरा. मेहुणा मांडीवर थाप मारायचा, “काय डोळा आहे भाऊजी तुमचा!” म्हणायचा. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा हा पोरगा, पण पडद्याच्या डोक्यावर चिठ्ठी कशाला लावलीय, हा प्रश्न काही त्याला पडला नाही. आणि हा? ह्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ह्याची पाठ ताठ झाली. संयमावर बोलला, भीतीवर बोलला, तोटा कुठे तोडायचा त्यावर बोलला. ज्या सल्ले विकणाऱ्यांना तो शिव्या घालायचा, त्यांचीच वाक्यं त्यांच्याच सुरात तोंडातून पडत होती, आणि त्याला ती आवडतही होती.

“झालं तर मग,” मेहुणा म्हणाला आणि त्याने फोन काढला. “आजच पाठवतो राजीनामा. उगाच मन मागेपुढे व्हायला नको.”

बायकोचा सकाळचा चेहरा ह्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याने हात लांब केला आणि चिठ्ठी खरकन ओढून काढली.

“हे वाच.”

“सराव,” मेहुण्याने वाचलं.

“पैसे खोटे आहेत. सकाळपासून जे बघितलंस ते सगळं खोटं. खरं बटण मला दाबवत नाही. कित्येक आठवडे झाले. हातच चालत नाही.”

मेहुण्याने फोन खाली ठेवला. ह्याला वाटलं, सुटलो एकदाचे.

“पण भाव तर खरे आहेत ना?” मेहुणा म्हणाला. “मग डोकंही खरंच झालं की. फक्त खातं बदलायचं.”

मूर्खाचं तर्कशास्त्र कुठूनच फुटत नाही. ह्याने संतापून खरं खातं उघडलं, एक छोटा सौदा भरला आणि बाण बटणावर नेला.

“बघ. आता बघ.”

बोट माऊसवर होतं. ते ढिम्म हललं नाही. स्वतःच्या नालायकीचं असं प्रात्यक्षिक आजवर कोणी दिलं नसेल. मेहुणा त्या हाताकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा उतरलाही. अजून एक मिनिट तसंच गेलं असतं तर तो मुकाट्याने उठून दुकानात गेला असता.

पण पोरगा स्वभावाने मदतीला धावणारा. त्याने आपलं बोट ह्याच्या बोटावर ठेवलं आणि दाबलं.

“झालं,” तो म्हणाला. “एवढंच होतं?”

सौदा लागला. ट्रेडर झाल्यापासून पहिल्यांदा ह्याने मनापासून तोटा मागितला. पड, मेल्या, पड. एक दणका बसू दे या पोराला, जन्माची अद्दल घडू दे. याआधी हवा तेव्हा कधी वर न गेलेला भाव त्या दिवशी खाली यायला तयार नव्हता. आकडा हिरवा झाला, आणखी हिरवा झाला.

“भाऊजी!” मेहुणा कुजबुजला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“हे नशीब आहे रे, गाढवा,” हा म्हणाला, आणि मग जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते बोलून गेला. “मला सकाळी ब्रश करताना मळमळतं. या खुर्चीची भीती वाटते मला. मला आता काही म्हणजे काहीच करावंसं वाटत नाही. ऐकतोयस का?”

मेहुण्याने ऐकलं. अगदी मायेने ऐकलं. मग ह्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तुम्ही फार थकलायत भाऊजी. एकट्याने किती ओढायचं माणसाने? पडा जरा आत जाऊन. मी बसतो इथे.”

ह्याने ‘नाही’ म्हणायला हवं होतं. मॉनिटरची वायर उपटायला हवी होती, मेहुण्याची मानगूट धरून त्याला दुकानात पोहोचवायला हवं होतं. ह्याला दया यायला हवी होती, निदान राग तरी. आला तो हेवा. त्या बोटाचा हेवा. आणि हेव्याच्या मागोमाग, एखादं जड ओझं कोणी आपणहून उचलावं तसा सुटकेचा मोठा श्वास आला.

तो उठला. मेहुणा खुर्चीत बसला, त्याने मान टेकून बघितली आणि फोन हातात घेतला. निरोप गेल्याचा आवाज ह्याने दारातच ऐकला. वळला नाही.

पलंगावर पडल्या पडल्या त्याला गाढ झोप लागली.

जाग आली ती बाहेरच्या दाराच्या आवाजाने. बायको लॅबमधून परत आली होती. तिची पावलं मागच्या खोलीपाशी थांबली.

“तू इथे काय करतोयस? हा कुठाय?” तिने विचारलं. मग आवाज बदलून, “राजीनामा? पाठवलास?”

“ताई, हळू बोल ना,” मेहुणा दबक्या आवाजात म्हणाला. “भाऊजींना आत्ता कुठे झोप लागलीय.”

ती पलंगाजवळ येऊन उभी राहिली. त्याने डोळे मिटूनच ठेवले, आणि श्वास झोपलेल्या माणसासारखा संथ चालू ठेवला.