दोन चपलांचं अंतर

औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत टोमॅटोचं बी होतं. चिमीने जमवलेलं. दरवर्षी परसातल्या वाफ्यात ज्या झाडाची फळं तिला सगळ्यांत आवडत, त्याचंच बी ती धुऊन, वाळवून ठेवी. अशी निवड करता करता तिचा स्वतःचा एक टोमॅटो तयार झाला होता, आंबटगोड, पिकला तरी देठाशी पिवळा राहणारा. तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता. चिमी जाऊन दोन हिवाळे झाले होते आणि बी होतं ते एवढंच.

चिमीच्या आईने ते बी पेरायचं ठरवलं, पण बाबांना विचारलं नाही. दोघांचं बोलणंच नव्हतं. चिमीच्या आजारपणात दवाखान्याच्या जिन्यात बाबा एकदा म्हणाले होते, "तिचं खाणं तुटलंय हे तुला घरात राहून दिसलं कसं नाही?" त्यानंतर चहात साखर कमी असली तर बाबा ते कपाला सांगत, आणि आई दाराची कडी लावायची आठवण दारालाच करून देई.

आईचा धाकटा भाऊ रोपवाटिका चालवायचा. जुन्या बियांचा भरवसा नसतो, निम्मं उगवलं तरी खूप, असं त्याने सांगितलं म्हणून तिने बाटली पुरती रिकामी केली. उगवलं मात्र जवळजवळ सगळंच. ट्रेमध्ये रोपांची दाटी झाली. जास्तीची रोपं माझ्याकडे दे, मी सांभाळतो, असं मामा म्हणाला. आईने ती घराबाहेर जाऊ दिली नाहीत.

रोपं लावताना चिमी अंतर मोजायची ते आपल्या चपलांनी. एकीच्या टाचेला दुसरीचं टोक लावायचं, की पुढचं रोप. त्या चपला अजून दारातल्या फळीवर होत्या. आईने त्या दिवशी दोनदा हात पुढे केला आणि दोन्ही वेळा मागे घेतला. मग तिने अंदाजानेच सगळी रोपं त्या एका वाफ्यात बसवली.

रोपं जोमाने वाढली. येणारेजाणारे कौतुक करू लागले. मामा आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला.

"ताई, ही झाडं आहेत की तिकिटाची रांग? एकाआड एक काढ."

"कुठलं काढू?"

"कुठलंही."

"तूच सांग, कुठलं."

त्यालाही ते सांगता येईना. मग तो वाफ्याशी उकिडवा बसून, लहान मुलाला समजावावं तसं सावकाश बोलत राहिला. झाडाला पानांसाठी नत्र लागतं, पण ते जास्त झालं की झाड पानांतच रमतं आणि फुलं धरत नाही. झाडं खेटून असली की मधून वारा फिरत नाही. पहाटेचं दव दुपारपर्यंत पानांवर राहतं आणि ओल्या पानावर करपा चढतो. खत कोण घालतंय, असं त्याने विचारलं. आई म्हणाली, मीच, कुजवलेलं शेणखत, जरा सढळ हाताने. एवढ्याने पानं अशी काळीभोर होत नाहीत, असं तो पुटपुटला. पण बंद कर म्हणाला. आईने खत त्याच दिवशी बंद केलं.

बाबा तेव्हा कामावर होते. त्यांना एवढंच दिसलं, की शेणखताची पाटी कोपऱ्यात पालथी पडली आहे आणि आई आता वाफ्याला काही घालत नाही.

फुलं आली ती थोडी, आणि तीही देठातून गळाली. खालच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसू लागले. एका सकाळी आई लवकर परसात गेली, तर बाबा वाफ्याशी वाकलेले. हातात बादली, शेजारी युरियाची पिशवी.

आईने किती तरी दिवसांनी त्यांच्याकडे बघून विचारलं, "हे कधीपासून?"

"रोपं लावल्यापासून. मधे तू घालायचं थांबलीस, तेव्हा मी दुप्पट केलं." बादली त्यांच्या हातातच होती. "मला वाटलं, तू त्यांना उपाशी ठेवतेयस."

"तिच्या वेळीही तुम्हाला हेच वाटलं होतं."

बाबांनी बादली खाली ठेवली.

आईने मामाला बोलावून घेतलं. या वेळी तिने कुठलं काढू विचारलं नाही, आणि त्यानेही न विचारता रोगट झाडं उपटली. उरलेली चार दिवस तग धरून होती. मग करपा खोडांवर चढला. संबंध वाफ्यात एकच फळ धरलं होतं, सुपारीएवढं, हिरवं. एका बाजूने ते काळं पडायला लागलं तेव्हा आईने तोडून घरात आणलं आणि ओट्यावर चिरलं. बाबा मागे येऊन उभे राहिले. आत बी होतं, पण पांढरं, पाणचट. बोटात धरलं तर नुसती सालं हाताला लागली. मामाने पाहिलं आणि मान हलवली. तरी आईने ती सालं धुतली, फडक्यावर वाळत घातली. दुसऱ्या दिवशी फडक्यावर काही दिसेना.

वाफा मोकळा झाल्यावर बाबांनी माती खणून सारखी केली. मग दारातल्या फळीवरून चिमीच्या चपला आणल्या आणि मातीवर ठेवल्या, एकीच्या टाचेला दुसरीचं टोक लावून.

आई पायरीवर बसली होती.

"आता काय मोजताय?" ती म्हणाली.

बाबांनी चपला उचलल्या, तळव्यांची माती सदऱ्याला पुसली आणि त्या परत फळीवर ठेवून आले.