आठव्या डावातला चेंडू

“हे काय लिहिलंयस?” डेलमरने कागद टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. “लोवेल, काय आहे हे?”

“खरं आहे ते.”

डेलमरची बायको आर्लीन कॉफी ओतत होती. ती ओततच राहिली. कप भरून टेबलावर ओघळ आला, तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं.

आमच्या हॅरो फोर्क्सचा बेसबॉल संघ, बीट डिगर्स, यंदा कायमचा बंद झाला. वाचनालयाने त्याचा इतिहास छापायला घेतला आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण एक्केचाळीस वर्षं तिथला स्कोअरर मीच होतो. इतिहास कसला! उभ्या जन्मात आम्ही एकही अजिंक्यपद मिळवलं नाही. सांगण्यासारखी गोष्ट एकच. आमच्या रे कोव्हॅक नावाच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, एका अख्ख्या सामन्यात समोरच्या कुणालाही एकसुद्धा खरा फटका मिळू दिला नाही. त्या दिवसाचं चित्र आजही मैदानाच्या भिंतीवर आहे.

त्या सामन्याच्या आठव्या डावात एक चेंडू डेलमरच्या बाजूने निघून गेला होता. डेलमर आमचा शॉर्टस्टॉप, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. असा चेंडू निसटला की तो फलंदाजाचा फटका की क्षेत्ररक्षकाची चूक, हे एकटा स्कोअरर ठरवतो. फटका म्हटलं असतं तर रेचा पराक्रम तिथेच संपला असता. सगळे प्रेक्षक माना वळवून वर माझ्या स्कोअररच्या खोलीकडे बघत होते. मी तेवीस वर्षांचा. मी ‘चूक’ लिहिलं.

आठवड्याभरात संघाने डेलमरला नारळ दिला. आर्लीनपायी तो इथेच राहिला, साखर कारखान्यात लागला आणि गाव त्याला ‘गळक्या’ म्हणू लागलं. चौपन्न वर्षं मी त्याच्या शेजारी बसून मासे पकडले आणि मूग गिळून राहिलो. भित्रा होतो, दुसरं काय. आता इतिहासात तो फटकाच होता असं लिहिलं आणि छापण्याआधी कागद त्याच्याकडे आणला.

“तुला ठाऊक असेलच ना रे,” मी म्हणालो. “तो चेंडू तुझ्या आवाक्यातला नव्हताच.”

“मला कुठून ठाऊक असणार?” त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “ऊन होतं डोळ्यांवर. चेंडू दिसलाच उशिरा. म्हटलं, वरून तुला नीट दिसलं असेल. तू लिहिलंस, म्हणून मी मानलं.”

तो शिव्या घालेल, घराबाहेर काढेल, सगळ्याची तयारी करून आलो होतो. हे ध्यानीमनीही नव्हतं.

“आमच्या पोराला कधी खेळू दिलं नाही ह्याने,” आर्लीन म्हणाली. “आपल्या रक्तातच नाही, म्हणायचा. ऐकतोयस ना, लोवेल?”

डेलमर उठून मागच्या अंगणात गेला. आम्ही दोघंही मागोमाग गेलो.

“किती लांब होता?”

“जाऊ दे ना आता, डेल.”

“पावलं सांग!”

“सहा. तुझ्या डावीकडे.”

त्याने सहा पावलं मोजली, तिथे कपड्यांची टोपली ठेवली आणि परत येऊन गुडघे वाकवून उभा राहिला. मग पंचाहत्तर वर्षांचा तो माणूस खरोखरच झेपावला. तिसऱ्या पावलाला गवतावर कोसळला. डावा हात लांबवला. टोपली दोन हात पुढे होती.

आर्लीन त्याला उचलायला धावली. उजव्या हाताने त्याने तिला थांबवलं आणि बोटं आणखी ताणली.

“नाही पोचत,” तो म्हणाला. “आर्लीन, बघ ना. नाहीच पोचत.”