सत्ताविसाव्या खेळीनंतर

व्हर्न स्टुकेलनं रिमोट इतक्या जोरात टेबलावर आपटला, की त्याचं झाकण उडालं आणि आतले सेल घरंगळत ग्रेडी ऑटमनच्या बुटापाशी जाऊन थांबले. पडद्यावरचं चित्र मात्र गोठलेलंच राहिलं. लाल जर्सीतला चौपन्न नंबर जीव खाऊन डावीकडे पळत होता, आणि त्यानं मोकळ्या सोडलेल्या जागेतून पाहुण्यांचा खेळाडू चेंडू काखेत मारून, घरच्या अंगणात शिरावं तसा, शेवटची रेघ ओलांडत होता. सामना संपायला तेव्हा नऊ सेकंद उरले होते.

"अकराव्यांदा बघतोयस," ऑटमन वाकून सेल गोळा करत म्हणाला. "बाराव्यांदा बघितलंस म्हणून तो उजवीकडे जाणार नाहीये."

"मी उजवीकडची खूण केली होती, ग्रेडी. दोन्ही हातांनी. आंधळ्यालाही दिसली असती."

"दिसली असेल. लक्ष कुठं होतं त्याचं?"

रविवारची सकाळ होती, आठ वाजले होते. खिडकीबाहेर मक्याची कापलेली शेतं आणि धान्याची उंच कोठारं धुक्यात उभी होती. आदल्या दुपारी, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, त्यांच्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ नदीपलीकडच्या कॉलेजकडून हरला होता. वीस विरुद्ध एकवीस. तेही घरच्या मैदानावर, सात हजार माणसांसमोर. सकाळी पेट्रोल भरताना पंपावरच्या म्हाताऱ्या लायलनं त्याच्या हातात पावती ठेवली होती आणि एका शब्दानंही हवापाणी विचारलं नव्हतं.

ऑटमन मुख्य प्रशिक्षक. बचावाचा सगळा कारभार मात्र एकोणीस वर्षं स्टुकेलकडे. सीमारेषेवरून तो हातांनी खूण करायचा, मधला चौपन्न नंबर ती वाचायचा आणि ओरडून बाकीच्या दहा जणांना सांगायचा. म्हणजे चौपन्न चुकला की अकराच्या अकरा चुकले. मार्सेलस प्रुइट गेली तीन वर्षं चौपन्न होता आणि यंदा कर्णधार.

"दोन वाजता पोरं जमतील," ऑटमन म्हणाला. "प्रत्येक खेळीचे गुण पडद्यावर हवेत. बरोबर की चूक. कुणाचाही मुलाहिजा नको. आणि प्रुइटचं कर्णधारपद मी सगळ्यांसमोर काढून घेणार आहे."

"खुशाल काढ."

"पहिल्या खेळीपासून बघशील ना?"

"शेवटापासून," स्टुकेल म्हणाला. "जिथं आग लागली तिथून."

ऑटमन गेल्यावर त्यानं सेल बसवले आणि तक्ता पुढ्यात ओढला. चौसष्टावी खेळी: चूक. त्रेसष्ट: चूक, चुकीच्या जागी उभा. बासष्ट: उशिरा हलला. एकसष्ट: बघत उभा राहिला. तो उलटा उलटा मागे जात होता आणि प्रत्येक उणे चिन्हासरशी पेन कागदात जास्त रुतत होतं. सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्या क्वार्टरपर्यंत पोचला तेव्हा प्रुइटच्या रकान्यात उभ्या ओळीनं उणेच उणे होते. या मुलाला त्यानं स्वतः घडवलं होतं. उन्हाळ्यात घरी बोलावून जेवणाच्या टेबलावर मिठाच्या-मिरपुडीच्या बाटल्या मांडून खेळी शिकवल्या होत्या. आणि ऐन वेळी हा बाजारात हरवल्यासारखा मैदानात फिरत होता. डोकं चढलं असणार. डिसेंबरात पदवी मिळणार, मग कशाला जिवाचं रान करायचं!

त्यानं फोन उचलला. "प्रुइट, दहा मिनिटांत माझ्या खोलीत."

प्रुइट पाऊण तासानं आला. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, बुटांचे बंद सुटलेले.

"दहा मिनिटं म्हणालो होतो मी."

"हो, कोच. माफ करा. आधी जिममध्ये गेलो."

"जिममध्ये? तीन वर्षं या खोलीत येतोयस आणि जिममध्ये गेलास? टोपी काढ. बस."

मुलगा बसला. टोपी काढल्यावर त्यानं खिडकीकडे बघून डोळे बारीक केले आणि खुर्ची जरा वळवून घेतली. टेबलावर डोनटचा खोका उघडा पडला होता. त्याचा वास नकोसा झाल्यासारखं त्यानं तोंड फिरवलं. हेही स्टुकेलच्या डोळ्यांत सललं. जणू या खोलीतली एकेक गोष्ट साहेबांच्या नजरेतून उतरली होती.

"हे बघ." त्यानं शेवटची खेळी लावली. "काय खूण केली मी?"

प्रुइट पडद्याकडे बघत राहिला. "उजवीकडची."

"आत्ता दिसली? काल कुठं बघत होतास? प्रेक्षकांत कुणी मैत्रीण बसली होती?"

"नाही, कोच."

"चाळीस माणसं वर्षभर पहाटे पाचला उठून घाम गाळतात, आणि तू एकटा सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी ओततोस! तुझ्या शेजारी खेळणाऱ्या लेओटाचा पोटरीचा स्नायू धरला, शेवटची दोन मिनिटं तो बाहेर बसला, तर तुला एक खेळी धड सांभाळता आली नाही? तो काय तुझं बोट धरून चालवतो का?"

"नाही, कोच."

"नुसतं नाही कोच, हो कोच करू नकोस! भांड माझ्याशी! काहीतरी बोल!"

प्रुइटनं खालचा ओठ दातात धरला. बराच वेळ तो शब्द शोधत होता. मग अगदी हळू, अजिजीनं म्हणाला, "मला लाज वाटतेय, कोच. एवढंच बरं झालं, की आई आली नव्हती काल. तिनं हे बघितलं नाही."

स्टुकेलचं तोंड पुढचं वाक्य टाकायला उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

काल कॅन्सस सिटीहून पाच तास गाडी चालवत त्याची आई, योलांडा प्रुइट, आली होती. सामना संपल्यावर खेळाडूंच्या दारापाशी तिनं घामेजल्या मुलाला छातीशी धरलं होतं आणि त्याच्या खांद्यावरून स्टुकेलकडे बघून मान हलवली होती. स्टुकेल तेव्हा तिच्याशीही बोलला नव्हता. रागात तसाच पुढं निघून गेला होता.

"आई आली नव्हती?" त्यानं विचारलं.

"नाही. कामावर सुट्टी मिळत नाही तिला."

"काल संध्याकाळी जेवलास कुठं?"

मुलानं हसण्याचा प्रयत्न केला. परीक्षेत न येणारं उत्तर ठोकून द्यावं तसा म्हणाला, "मेसमध्येच असेल."

स्टुकेल उठला. त्यानं खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग खुर्चीत न बसता, उभ्यानंच, त्यानं व्हिडिओ अगदी सुरुवातीला नेला. पहिली खेळी: बरोबर. दुसरी: बरोबर. आठवी, नववी, दहावी. चौपन्न नंबर हात उंचावून दहा जणांना हाकत होता आणि चेंडू जाईल तिथं आधीच हजर होता. विसावी, पंचविसावी. सत्ताविसाव्या खेळीत पाहुण्यांचा धिप्पाड गडी खाली मान घालून धावत आला आणि प्रुइट त्याला आडवा गेला. दोन हेल्मेटं एकमेकांवर आदळली. ध्वनी बंद होता, तरी स्टुकेलचे खांदे उचलले गेले.

दोन खेळींमधला वेळ एरवी कापून टाकतात. कालच्या हारीनंतर ते काम करायला कुणी बसलंच नव्हतं. त्यामुळे कॅमेरा चालूच होता. प्रुइट उठला आणि चार पावलं चालून प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. लेओटा धावत गेला, त्याचं कोपर धरून त्याला आपल्या बाजूला घेऊन आला.

पुढं सीमारेषा दिसत होती. संघाची डॉक्टरीणबाई म्हणावी अशी जोअ‍ॅन हावलिक, दुखापती बघायचं काम तिचं, तिनं प्रुइटचं हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत घट्ट धरलं होतं आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर बोट हलवत होती. तेवढ्यात चौकटीत लाल टोपी घातलेला एक माणूस तरातरा आला. त्यानं तिच्या काखेतून हेल्मेट ओढून घेतलं, मुलाच्या डोक्यावर चढवलं, वरून दोन चापट्या मारल्या आणि त्याला मैदानात ढकललं.

स्टुकेलनं ते परत बघितलं. मग पुढच्या खेळी लावल्या. अठ्ठाविसावी: लेओटा प्रुइटचे खांदे धरून त्याला योग्य दिशेला वळवतोय. एकोणतिसावी: पुन्हा. उत्तरार्धही तसाच. प्रत्येक खेळीआधी तो समोआचा डोंगराएवढा मुलगा मित्राला वळवत होता, आणि मग पळत स्वतःच्या जागी जात होता. शेवटच्या दोन मिनिटांत वळवणारं कुणी नव्हतं.

"कोच," प्रुइट म्हणाला, "मला जरा मळमळतंय."

"चल," स्टुकेल म्हणाला. मुलाचे बंद बांधायला तो गुडघ्यावर बसला. त्यानं दोन्ही बुटांना दुहेरी गाठ मारली.

तालुक्याच्या इस्पितळात त्यानं त्याला भरती केलं. आईला फोन लावला तेव्हा सकाळी घरी जायला निघालेली ती, काळजी वाटून, अर्ध्या वाटेवरून आधीच परत फिरली होती.

"काल जेवताना त्यानं मला तीनदा विचारलं, कधी आलीस म्हणून," योलांडा म्हणाली. "मी त्याला म्हटलं डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणतो, कोचनी बघितलंय, कोच म्हणाले ठीक आहे. तुम्ही बघितलं होतं का, मिस्टर स्टुकेल?"

"नाही."

पलीकडे गाड्यांचा आवाज येत राहिला. "मी पोचेपर्यंत त्याच्याजवळून हलू नका," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

ती पोचली तेव्हा दीड वाजला होता. जोअ‍ॅन त्याआधीच आली होती. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला मार बसलाय, रक्तस्राव नाही हे नशीब, पण या मुलानं आता पुन्हा मैदानात उतरू नये. जोअ‍ॅननं ते ऐकून घेतलं आणि स्टुकेलला बाहेर गाडीपाशी गाठलं.

"मी हेल्मेट काढून घेतलं होतं, व्हर्न."

"हो."

"मी तुला म्हटलं होतं, याला पाच मिनिटं दे. तू काय म्हणालास? म्हण ना आता. तोंडानं म्हण."

"म्हणालो, पाच मिनिटं सामन्यानंतर घे."

"काल घरी जाऊन मी स्वतःला शिव्या घातल्या, की परत का हिसकावून घेतलं नाही. सकाळी त्याच्या खोलीचं दार वाजवलं, तर तो तुझ्याकडे आलेला." तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज धारदार होता. "माझ्या शिव्या घालून झाल्यात. आता तुझी पाळी."

दोन वाजायला पाच मिनिटं असताना ऑटमननं त्याला सभागृहाच्या दारात अडवलं. त्याला सगळं कळलं होतं.

"चौपन्नचं पान आज बाजूला ठेव. दुखापत झाली, एवढंच सांगू. चार सामने उरलेत, व्हर्न. पोरांचा तुझ्यावरचा विश्वास गेला तर बचाव कोण सांभाळणार?"

"बाजूला हो, ग्रेडी."

"उगाच हौतात्म्य घेऊ नकोस अंगावर!"

"मी म्हटलं, बाजूला हो!"

तो एवढ्या जोरात ओरडला, की आतली कुजबुज थांबली. ऑटमन बाजूला झाला.

पायऱ्यापायऱ्यांच्या खुर्च्यांवर सगळा संघ बसला होता. प्रत्येकाच्या मांडीवर वही. स्टुकेलनं एकही शब्द न बोलता सत्ताविसावी खेळी लावली. दोन हेल्मेटं आदळली. मग त्यानं सीमारेषेपर्यंतचं सगळं चालू दिलं आणि हेल्मेट ओढून घेणाऱ्या हातापाशी चित्र थांबवलं.

"तो मी आहे," तो म्हणाला. "तुम्हाला सांगितलं गेलंय, की प्रुइटनं सामना घालवला. काल सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत मीच ओरडून ते सांगितलं. ते खोटं आहे. जोअ‍ॅननं त्याला बाहेर काढलं होतं. भान हरपलेल्या मुलाला मी परत आत ढकललं. कारण आपण दहा गुणांनी पुढं होतो आणि मला ते तसंच ठेवायचं होतं."

तो थांबला. येणार होतं ते अंगावर घ्यायला त्यानं दोन्ही पाय जमिनीत रोवले होते. कुणीतरी वही फेकेल. कुणीतरी उठून चालू लागेल. लेओटा तर पहिल्याच रांगेत होता, बांधलेली पोटरी समोर मांडून घेतलेल्या खुर्चीवर ठेवून.

कुणी हललं नाही.

"कोच," शेवटी लेओटाच बोलला, "ते आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"त्याला काही कळत नव्हतं ते. मधल्या सुट्टीत त्यानं मला चारदा विचारलं, आपण कुणाशी खेळतोय. मागच्या फळीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणून तर खुणा मीच ओरडत होतो."

"मग मला का नाही सांगितलंत?" स्टुकेलचा आवाज पुन्हा चढला. सकाळपासूनचा सगळा संताप त्या एका प्रश्नात उतरला होता. "एकानं! तुमच्यातल्या एकानं जरी येऊन सांगितलं असतं!"

लेओटानं आजूबाजूला बघितलं. प्रश्न खरंच आपल्याला विचारलाय का, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्हीच पाठवलंत ना त्याला परत."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मागं बसलेल्या दोघातिघांनी मान हलवली. राग कुणाच्याही चेहऱ्यावर नव्हता. वह्या उघड्या होत्या, पेनं हातात होती, आणि सगळे पुढच्या खेळीची वाट बघत होते.